अकराव्या नंबरचा पाहुणा

१० मार्च, मंगळवार

आज ग्रामसभा झाली. बाबा पुन्हा गावच्या रस्त्यांचे कारभारी म्हणून निवडून आले. समोर कोणी उभंच नव्हतं, तरी सगळ्यांचे हात वर होईपर्यंत आई श्वास रोखून बसली होती. नंतर कॉफी पिताना लेलंडकाका बाबांना म्हणाले, "आर्मंड, तुला हरवायचं म्हणजे पहाटे उठून बर्फ उपसायला आणखी कोणीतरी तयार हवं. असा मूर्ख आपल्या हार्लो गावात एकच आहे." लेलंडकाका आमचे आमदार. न्यू हॅम्पशरच्या विधानसभेत आमदार इतके आहेत की दर दोन वळणांमागे एक सापडतो, आणि मानधन असं की लेलंडकाका अजून जळाऊ लाकूड विकतात.

बाबा खुशीत होते म्हणून रात्रीच्या जेवणाला मी सांगून टाकलं. मी गव्हर्नर ट्वेट यांच्या लोकांबरोबर काम करायला होकार दिलाय.

"कोण ट्वेट?" बाबांनी विचारलं.

"मोंटानाचे गव्हर्नर. ते राष्ट्राध्यक्षपदासाठी आपल्या पक्षाची उमेदवारी मागणार, असं सगळे म्हणताहेत."

"सगळे म्हणजे कोण?"

आईने तोवर फोनवर कुठल्याशा वर्तमानपत्रातली इच्छुकांची नावं काढली होती. ट्वेट अकरावे. दहाव्या नंबरच्या बाईंनी आपण उभ्या राहणार नाही असं दोनदा स्पष्ट सांगितलंय.

"म्हणजे नाही म्हणणारीच्याही खाली," बाबा म्हणाले.

"निवडणुकीला अजून अडीच वर्षं आहेत, बाबा!"

"मग हे सगळे आत्तापासून गुडघ्याला बाशिंग बांधून का बसलेत?"

आई हसली नाही. ती म्हणाली, "आणि बॉस्टन?"

बॉस्टनच्या विमा कंपनीने मला जागा देऊ केली आहे. पक्की नोकरी, स्वतःचं टेबल. आमच्या घरात आजवर कोणाला टेबल मिळालेलं नाही. पदवीही मलाच पहिल्यांदा मिळाली. मी त्यांच्याकडून एक जूनपर्यंत मुदत मागून घेतली आहे. ट्वेट तोवर उभे राहायचं ठरवतील, मग मी इथेच राहून त्यांचं काम करीन. नाही ठरवलं तर बॉस्टन. असं आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुझं आयुष्य त्या माणसाच्या मनावर." मला हे बोलणं फार लागलं, कारण खोटं नव्हतं.

पण मी त्यांना कॉलेजात ऐकलंय. मी आमच्याकडच्या बंद पडलेल्या प्रसूती विभागाबद्दल विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "मला माहीत नाही. तुम्हाला काय वाटतं?" आणि त्यांनी खरोखर ऐकून घेतलं. अशा माणसासाठी वाट बघायला मी तयार आहे.

१३ मार्च, शुक्रवार

प्रेस्टनचा वॉशिंग्टनहून फोन. तो माझा वरिष्ठ. माझ्याहून चारेक वर्षांनी मोठा असेल, पण तीन मोहिमा हरलेला आहे, त्यामुळे अनुभवी. त्याने पहिला धडा दिला.

"हे बघ, 'उमेदवार' हा शब्द चुकूनही तोंडातून येता कामा नये. 'मोहीम' नाही. 'प्रचार' नाही."

"मग काय म्हणू?"

"गव्हर्नर देशातल्या लोकांचं ऐकायला फिरताहेत."

"आणि ते नेमके न्यू हॅम्पशरमध्येच का ऐकताहेत असं विचारलं तर?"

"तसं कोणी विचारत नाही."

इथे सगळे तेच विचारतात, कारण उमेदवारीचं पहिलं मतदान परंपरेने आमच्याच राज्यात होतं. मी ठरवलंय, त्यांना 'पाहुणे' म्हणायचं. तेवढं तरी खरं आहे.

२१ मार्च, शनिवार

शनिवारी अख्खं गाव कचराडेपोवर येतं. काचा एकीकडे, पुठ्ठे एकीकडे, आणि मधल्या मोकळ्या जागेत राजकारण. आज हवा जरा उबदार होती म्हणून कोणालाच घरी जायची घाई नव्हती.

जॉर्जियाच्या सिनेटर बाई पुढच्या महिन्यात पलीकडच्या गावात येताहेत. एक निवृत्त जनरल शेजारच्या राज्यापर्यंत येऊन गेला म्हणे, पण त्याने फक्त मासे धरले. यावर बराच वाद झाला. लेलंडकाकांचं मत असं की मार्चमध्ये न्यू इंग्लंडात मासे धरायला येणारा माणूस एकतर वेडा असतो, नाहीतर राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेला.

"तो ओहायोचा मेयर तरुण आहे," कोणीतरी म्हणालं.

"तरुण आहे, पण माझ्याशी हात मिळवताना माझ्यामागच्या बाईकडे बघत होता," ऑगस्टाबाई म्हणाल्या. "मागच्या खेपेला. मी विसरत नाही."

ऑगस्टा सॅनबॉर्न आमच्या गावच्या पक्ष-समितीच्या अध्यक्षा. पंचाहत्तरीच्या पुढे, पण स्वतःची पुठ्ठ्याची खोकी स्वतः फोडतात. मी त्यांना माझ्या पाहुण्यांबद्दल सांगायला गेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "बोलताना तू हात खिशात का घालतेस?"

"थंडी आहे म्हणून."

"बाहेर काढ. लोकांना वाटतं, पोरगी काहीतरी लपवतेय. आणि 'मला वाटतं, कदाचित' असं एकाच वाक्यात म्हणू नकोस. दोन्हीतलं एक ठेव."

मग म्हणाल्या, "घेऊन ये तुझ्या पाहुण्याला. त्याच्या स्वागताचं भाषण तू कर."

माझा आनंद गगनात मावेना. ऑगस्टाबाई ज्याच्या कार्यक्रमात एवढा रस घेतात, त्याच्याबद्दल त्यांचं मत चांगलं झालं असणारच. प्रेस्टनला लगेच कळवलं.

२ एप्रिल, गुरुवार

भांडण. घरातच, आणि तेही चिखलावरून.

प्रेस्टनने जागा पसंत केली आहे: तळ्याकाठचं व्हिटेकर मंडळींचं घर. भिंतभर काच, मागे तळं. चॅनेलवाले यायला तयार आहेत, त्यांची मोठी गाडी आणि पाहुण्यांबरोबरच्या लोकांची बस. तारीख अकरा एप्रिल. मी आनंदाने हे सगळं सांगत घरात शिरले, तर बाबा बूट काढत होते. त्यांनी आजच तळ्याच्या रस्त्यावर नारिंगी पाट्या ठोकल्या होत्या. बर्फ वितळून मातीचे रस्ते लापशी झालेत. ते वाळेपर्यंत जड गाड्यांना बंदी. दरवर्षीचंच आहे हे. मी इथे जन्मले, आणि हे माझ्या डोक्यातच आलं नाही!

"बाबा, एकच दुपार."

"दुधाच्या टँकरवाल्यालाही एकच दुपार हवी होती."

"टँकरवाला राष्ट्राध्यक्ष होणार नाहीये."

"म्हणून त्याला नाही म्हटलं आणि ह्याला हो म्हणू?"

"पाट्या तुम्हीच ठोकल्यात, तुम्हीच काढू शकता."

"काढू शकतो. मग रस्त्याला पडलेल्या खड्ड्यांत जूनपर्यंत शाळेची बस आपटेल. तेव्हा तुझा गव्हर्नर कुठे असेल?"

"तुम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर रस्ते आणू नका," आई म्हणाली.

मी नको ते बोलले. म्हटलं, या घरात कोणाला माझ्या कामाची किंमतच नाही. बाबा उठले. आपली ताटली उचलून धुवायला गेले. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

४ एप्रिल, शनिवार

बाबा आणि मी आईमार्फत बोलतोय. "तिला सांग, गाडीत तेल नाहीये." "त्यांना सांग, माहीत आहे."

कचराडेपोवर ऑगस्टाबाईंना सगळी रड सांगितली. त्या पुठ्ठा फोडत ऐकत होत्या.

"पक्का रस्ता कुठपर्यंत आहे?" त्यांनी विचारलं.

"बाबांच्या गॅरेजपर्यंत."

"मग तिथेच कर."

"बर्फ काढायच्या गाड्या आणि वाळूच्या ढिगांमध्ये?"

"तळं बघायला उन्हाळी पाहुणे येतात. इथला जानेवारी काढणाऱ्यांना गॅरेज जास्त ओळखीचं आहे. मी बीन्स शिजवून आणते. बाकीचं तू बघ."

म्हणजे मला बाबांकडे जावं लागणार होतं. गेले. ते बर्फ काढायच्या मोठ्या नांगराखाली आडवे पडले होते, फक्त बूट दिसत होते. मी बुटांची माफी मागितली. खालून आवाज आला, "गॅरेज माझं नाही, गावाचं आहे. पंचांना विचार. आणि दुसऱ्या पक्षाने मागितलं तर त्यांनाही मिळेल, हे आधीच सांगून ठेव."

पंचांनी हो म्हटलं. प्रेस्टनने 'गॅरेज?' असं दोनदा विचारलं, मग म्हणाला, "वाळू... दिसायला अस्सल वाटेल." बाबांनी जेवताना मला थेट म्हटलं, "मीठ दे."

११ एप्रिल, शनिवार

झालं! इतकी दमलेय की पेन धरवत नाही, पण आज लिहिलंच पाहिजे.

बाबांनी गाड्या बाहेर काढून जमीन धुतली होती. आईने आणि ऑगस्टाबाईंनी बीन्सची मोठी भांडी, तपकिरी पाव आणि फळं भरून भाजलेले गोड 'पाय' मांडले होते. माणसं एवढी आली की शेवटी लोक टायरांवर बसले. मी भाषण केलं, हात बाहेर ठेवून.

पण पाहुणे सुरुवातीला सापडेनातच! बाबा त्यांना गॅरेजमागची, रस्त्याखालून ओढ्याचं पाणी नेणारी खचलेली मोरी दाखवायला घेऊन गेले होते. प्रेस्टन घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होता. "तो चिखलात उभा आहे. कॅमेरा इथे आहे, आणि तो तिथे चिखलात उभा आहे."

मी बोलवायला गेले, तर दोघं ओढ्याच्या कडेला वाकून पाइपात डोकावत होते. गव्हर्नरसाहेबांच्या विजारीला गुडघ्यापर्यंत चिखल.

"पाइप मोठा टाकून चालणार नाही, आधी वरचं पाणी वळवावं लागेल," ते म्हणत होते.

"तेच मी पंचांना तीन वर्षं सांगतोय," बाबा म्हणाले.

"मी सहा वर्षं आमच्या तालुक्याचे रस्ते बघत होतो, आर्मंड. गव्हर्नर झाल्यापासून एकही मोरी बांधली नाही. नुसत्या फिती कापतो."

"फितीत चिखल तरी नसतो."

"तेच तर," ते म्हणाले, आणि दोघं हसले. इतकं हसताना मी त्यांना कुठल्याच व्हिडिओत पाहिलेलं नाही. मला वाटतं, कदाचित (हे ऑगस्टाबाईंना कळू नये) सामान्य माणसांत मिसळून त्यांना केवढी ताकद मिळत असेल!

गव्हर्नरसाहेबांचं भाषण मात्र जरा लांबलं आणि त्यात आमच्याऐवजी बाजूच्या राज्याचं नाव आलं. लोकांनी सभ्यपणे ऐकलं. मग प्रश्न. पोस्टातल्या जोलीनला सातवा महिना आहे. ती उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्या रुग्णालयातली बाळंतपणं बंद झाली. आता डोंगरापलीकडे जायचं. रात्री बर्फ असला तर मी काय करायचं?"

ते म्हणाले, आमच्याकडेही हेच चाललंय, याचं फार दुःख होतं. मग माझ्याकडे वळले. "इथलं मला नेमकं माहीत नाही. कोरीन, तुला माहीत आहे ना?"

माझा शेवटच्या वर्षाचा अभ्यासच त्यावर होता. मी सांगायला लागले. आपल्या आसपासच्या तीन गावांना मिळून रुग्णवाहिका एकच. तिच्यावर बाळंतपण करता येणारं माणूस असावं असा राज्याचा नियमच नाही. सुईणींना परवानगी आहे पण त्यांचे पैसे विम्यातून मिळत नाहीत. हे दोन नियम बदलायला राज्याबाहेर कोणाकडे जायची गरज नाही, विधानसभेत बदलता येतात. लोकांनी आणखी विचारलं, मी आणखी सांगितलं. जोलीन म्हणाली, "मग अजून कोणी बदलले का नाहीत?" मी म्हटलं, "कारण कोणी मागे लागलं नाही." लेलंडकाका जोरात खोकले.

भानावर आले तर पाहुणे बाजूला उभे राहून गोड पाय खात होते आणि मीच मध्ये उभी होते! फार ओशाळले. प्रेस्टन नंतर म्हणाला, "त्यांची दहा मिनिटं तू खाल्लीस." बरोबर आहे. ऑगस्टाबाईंची क्षमा मागितली, तर त्या म्हणाल्या, "हो हो," आणि लेलंडकाकांकडे बघितलं. बहुधा त्याही नाराज असाव्यात.

निघताना गव्हर्नरसाहेब बाबांचा हात हातात घेऊन म्हणाले, "तुम्ही नशीबवान आहात. घरापासून लांब जावं लागत नाही." किती साधेपणा! असाच माणूस वर बसायला हवा.

१५ एप्रिल, बुधवार

चॅनेलवर आमचं गॅरेज अर्धं मिनिट दिसलं. त्यात बाबांच्या नांगराचा वाटा मोठा होता. आज नव्या यादीत ट्वेट नवव्या नंबरवर! वरच्या एकाचं लफडं बाहेर आलं आणि एकाने माघार घेतली, पण तरी.

बाबा म्हणाले, "असंच चालू राहिलं तर काहीच न करता पहिला येईल."

२३ एप्रिल, गुरुवार

लेलंडकाका मला राज्याच्या राजधानीत, कॉन्कॉर्डला घेऊन गेले. त्यांचे खुबे दुखतात, गाडी चालवायला कोणीतरी हवं होतं. विधानसभेचं सभागृह मी शाळेच्या सहलीत पाहिलं होतं, पण आज खाली, आत गेले. शेतकरी, निवृत्त शिक्षिका, एक तर माझ्याच वयाचा मुलगा. सभा सुरू व्हायला वेळ होता.

"इथे बस," लेलंडकाका आपल्या खुर्चीकडे बोट करून म्हणाले.

"चालेल का?"

"सभा सुरू होईपर्यंत चालतं. मला जरा उभं राहायचंय."

मी बसले. गादी एका बाजूला दबलेली आहे. समोरचा माणूस वळून म्हणाला, "ही का ती, लेलंड?" काका म्हणाले, "अजून कशात काही नाही." काय ते मला कळलं नाही, बहुतेक गॅरेजच्या कार्यक्रमाबद्दल ऐकलं असेल. मी त्याला लगेच गव्हर्नर ट्वेट यांच्याबद्दल सांगायला सुरुवात केली. तो दयाळूपणे ऐकत होता.

मग मी वरच्या गॅलरीत बसून पाहिलं. दिवसभर कुत्र्यांच्या परवान्यावर आणि पुलांच्या रंगावर चर्चा झाली. मला कंटाळा यायला हवा होता, तो का आला नाही कोण जाणे.

९ मे, शनिवार

रस्ते वाळले. बाबांनी पाट्या काढल्या. तळ्याच्या रस्त्यावर एकही खड्डा नाही. आज ते मुद्दाम मला त्याच रस्त्याने घेऊन गेले.

ऑगस्टाबाईंनी गेल्या आठवड्यात मला रुग्णवाहिका चालवणाऱ्या स्वयंसेवकांच्या बैठकीला पाठवलं, आज ज्येष्ठांच्या नाश्त्याला, परवा शाळा-समितीत. "तुझ्या पाहुण्याची ओळख वाढेल," म्हणतात. पण तिथे पाहुण्यांबद्दल कोणी विचारतच नाही. सगळे मलाच विचारत बसतात, रुग्णवाहिकेचं काय करता येईल म्हणून. मी प्रत्येक वेळी विषय परत पाहुण्यांवर आणते.

बॉस्टनहून फोन आला. बाई फार चांगल्या आहेत. म्हणाल्या, तुझं टेबल खिडकीपाशी आहे. मी म्हटलं, एक जूनला नक्की सांगते. फोन ठेवल्यावर लगेच प्रेस्टनला विचारलं, ते कधी ठरवणार? तो म्हणाला, "घरच्यांशी बोलताहेत. हे नेहमी चांगलं लक्षण असतं."

२७ मे, बुधवार

दुपारी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. फोन वाजला. ओळखीचा नंबर नव्हता.

"कोरीन? ऑर्विल ट्वेट बोलतोय."

माझ्या हातातला बाबांचा शर्ट गवतावर पडला.

"मी उभा राहत नाहीये. उद्या जाहीर करणार. तू नोकरी लांबणीवर टाकलीस असं प्रेस्टनकडून कळलं, म्हणून म्हटलं, तुला पेपरातून कळू नये."

मी विचारलं, का. आवाज लहान मुलीसारखा आला.

"कारण मला ते काम नको आहे. लोकांनी माझं नाव घेतलं, तेव्हा बरं वाटलं. मग दोन महिने मी स्वतःला विचारत होतो, इतक्या फिरण्यात मला सगळ्यात जास्त कुठे बरं वाटलं. तर तुमच्या ओढ्याकाठी. असा माणूस तिकडे पाठवू नये."

मी म्हटलं, "मी लोकांना सांगितलं होतं की तुम्ही वेगळे आहात."

"चुकीचं सांगितलं नाहीस. फक्त ते राष्ट्राध्यक्षपदासाठी उपयोगी नाही." मग त्यांनी विचारलं, "ते रुग्णवाहिकेचं तू म्हणालीस, ते कोण करणार आहे?"

मी म्हटलं, बघेल कोणीतरी. एवढ्या वाईट दिवशीही माणूस सौजन्य सोडत नाही.

शर्ट पुन्हा धुतला. मग रडले. आई आली, तिने कारण विचारलं नाही, उरलेले कपडे वाळत घातले. संध्याकाळी म्हणाली, "बॉस्टनला थंडीचे बूट नवे लागतील तुला." ती समजूत घालत होती की खूश होती, कळलं नाही. बहुधा दोन्ही.

२९ मे, शुक्रवार

संध्याकाळी ऑगस्टाबाई आणि लेलंडकाका घरी आले. ऑगस्टाबाईंच्या हातात ऱ्हुबार्बच्या आंबट देठांचा गोड पाय होता. मला वाटलं, सांत्वनाला आलेत. मी आधीच म्हटलं, "मला माफ करा, मी तुम्हा सगळ्यांचा वेळ वाया घालवला."

"कोणासाठी?" ऑगस्टाबाई म्हणाल्या.

"ट्वेट यांच्यासाठी."

"अगं, तो उभा राहणार नाही हे मला बीन्स वाढतानाच कळलं होतं. ज्याला व्हायचं असतं तो दुसऱ्यांदा बीन्स घेत नाही, त्याचं लक्ष माणसांवर असतं. तो तीनदा घेऊन गेला."

"मग तुम्ही मला एवढ्या बैठकांना का पाठवत होतात?"

लेलंडकाकांनी कपाळाला हात लावला. "पोरी, तू माझ्या खुर्चीत बसलीस त्या दिवशी, तुला काय वाटलं, माझे खुबे दुखत होते म्हणून बसवलं?"

"दुखत नव्हते?"

"दुखत होतेच. म्हणून तर यंदा नोव्हेंबरच्या निवडणुकीला मी उभा राहत नाहीये."

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. आई, बाबा, दोघं पाहुणे. माझ्या डोक्यात अजूनही उजेड पडत नव्हता, हे लिहितानाही लाज वाटते. शेवटी बाबाच म्हणाले, "कोरी, ते तुला आमदारकीला उभं राहा म्हणताहेत."

"मला?"

"मागच्या शनिवारी कचराडेपोवर दुसरा विषयच नव्हता," ऑगस्टाबाई म्हणाल्या. "तुझं नाव आहे, जोलीनच्या नवऱ्याचं आहे आणि त्या व्हिटेकरचं. व्हिटेकर स्वतःच स्वतःचं नाव घेतो. अर्ज पुढच्या बुधवारपासून."

"पण त्यात पगार नाही," आई म्हणाली. तिने हे अगदी शांतपणे म्हटलं. "ती पहिली शिकलेली आहे आमच्यात. आम्ही तिला याच्यासाठी नाही शिकवलं."

ऑगस्टाबाईंनी सुरी मागितली. त्यांनी ऱ्हुबार्ब पाय कापला. "पॉलेट, तुझं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मी फक्त विचारायला आलेय. ओढायला नाही."

१ जून, सोमवार

दोन दिवस नीट झोप नाही. तळ्यापर्यंत चालत गेले, परत आले. मी ट्वेट यांच्यावर रागावले होते की तुम्ही का नाही, आणि माझ्यावर आलं तेव्हा पहिला विचार आला तो, दुसरं कोणीतरी असेल.

बाबांना गॅरेजात जाऊन विचारलं, मी काय करू. ते ग्रीस पुसत म्हणाले, "मी नाही सांगणार. बॉस्टनला गेलीस तर सामान मी पोचवीन. इथे राहिलीस तर गाडीवर तुझी पाटी लावणार नाही, गाडी गावाची आहे. एवढं दोन्ही पक्कं."

मग आईकडे गेले. तिला सांगितलं की काउंटीच्या आरोग्य कार्यालयात अर्ध्या दिवसाचं काम मिळतंय, पोटापुरतं होईल. हरले तर बॉस्टनसारखं दुसरं काही शोधीन. आणि सांगितलं की मला त्या सभागृहात कंटाळा आला नव्हता. ती बटाटे सोलत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या बापाला पहिल्यांदा निवडून दिलं, तेव्हा मी आठवडाभर रडले होते. पहाटे तीनला उठेल म्हणून." "मग?" "मग काय. डबा भरायला लागले."

अकरा वाजता बॉस्टनला फोन केला. त्या बाई म्हणाल्या, वाईट वाटलं, पण शुभेच्छा. फोन ठेवला तेव्हा वाटलं होतं रडू येईल. भूक लागली.

३ जून, बुधवार

अर्ज भरला. गावच्या कारकूनबाईंनी मला जन्मल्यापासून पाहिलंय, तरी ओळखपत्र मागितलं. बाहेर ऑगस्टाबाई गाडीत बसून होत्या. म्हणाल्या, "आता ऐक. मी तुझ्यासाठी दारोदार येणार नाही. तुझं तूच फिरायचं."

प्रेस्टनने अभिनंदनाचा निरोप पाठवला. तो जॉर्जियाच्या सिनेटर बाईंकडे गेला आहे. त्या यादीत तिसऱ्या आहेत.

१३ जून, शनिवार

आज पहिल्यांदा घरोघर गेले. चावणाऱ्या काळ्या माश्यांनी मान फोडून काढली. ओळखीच्या घरांत कॉफी मिळाली. एका घरी मला कुत्र्याचा परवाना तपासायला आलेली समजले आणि कुत्रा माडीवर लपवला. दुसऱ्या घरी नवराबायको राष्ट्राध्यक्षपदाला कोणी उभं राहावं यावर भांडत होते. तो जनरलच्या बाजूचा, ती मेयरच्या. त्यांनी मला पंच केलं. मी म्हटलं, दोघांनाही अजून अडीच वर्षं आहेत, मला मात्र नोव्हेंबरच गाठायचाय. ते हसले आणि मी काय करणार ते विचारायचं राहूनच गेलं. माझी चूक. पुढच्या वेळी आधी तेच सांगायचं.

शेवटचं घर टेकडीवरचं, म्हाताऱ्या मिस्टर स्टिकनींचं. ते कोणाला आत घेत नाहीत, आणि आमच्या पक्षाला त्यांनी कधी मत दिलेलं नाही. जाळीच्या दारापलीकडून त्यांनी विचारलं, "कोणाकडून आलीस?"

या प्रश्नाचं उत्तर मला मार्चपासून इतकं तोंडपाठ झालं होतं की तोंड उघडलंही. मग लक्षात आलं, तिथे घालायला कोणाचंच नाव नाही.

"कोणाकडून नाही," मी म्हटलं. "मीच उभी आहे."

"कशासाठी?"

मी हात बाजूला सोडून उभी राहिले आणि रुग्णवाहिकेचं सांगितलं. सुईणींचं सांगितलं. त्यांनी दोनदा अडवलं, एकदा मला उत्तर आलं नाही. मी म्हटलं, माहीत नाही, विचारून येते. ते जाळीच्या आणखी जवळ आले. माझ्या कानाशी माश्या गुणगुणत होत्या, पण मी हात हलवला नाही.

"माझी बायको रुग्णालयाच्या वाटेतच गेली," ते म्हणाले. "हृदयाचं होतं, बाळंतपणाचं नाही. पण गाडी तीच होती."

मग त्यांनी कडी काढली.

"आत ये. आणि दार लाव लवकर, माश्या येताहेत."